डावी बाजू

ताटलीतलं अर्धंच संपवतो मिरोन.
उजवीकडचे बटाटे, उजवीकडचा मासा,
मग काटा ठेवून नीट हात पुसतो.
डावीकडचं बीट तसंच पडून,
कुणाच्याच मालकीचं नसल्यासारखं.
मी काही बोलत नाही. ताटली अर्धी फिरवते.
"अरे वा," तो म्हणतो, "अजून आणलंत?"

आणलंत.
सव्वीस वर्षं मी 'आणलंस' होते.
'आणलंस का?' होते, 'का नाही आणलंस?' होते,
आणि गोदीचा पगार तीन महिने थकला होता
तेव्हा एका संध्याकाळी नुसतंच 'आणलंस',
पाव हातात घेऊन, दारातच.
आता एका अक्षराला रोज ठेचकाळते.

फेब्रुवारीत ग्दिनियाच्या गोदीत
परांचीवर बर्फाचा पापुद्रा होता. नऊ मीटर.
हेल्मेट होतं म्हणून आहे, असं सगळे सांगतात.
म्हणून आहे, म्हणून आहे,
बावीस नंबरची बस चढावर हेच म्हणत जाते.

पहिले अकरा दिवस मी त्याच्या डाव्या हाताला बसले.
खुर्ची तिथेच होती, दुसरं काय.
मग कालिना आली, व्यायाम घेणारी, पोरगीच,
म्हणाली, "डोळे शाबूत आहेत. पण डावीकडेही जग असतं
हे त्यांच्या मेंदूला पटत नाही."
म्हणजे अकरा दिवस मी
नव्हतेच.

नणंद तेओफिला लग्नाचा फोटो घेऊन आली.
"नवरदेव एकटाच का उभा आहे?" त्याने विचारलं.
मी फोटो उलटा धरला.
तेव्हा दिसले मी त्याला, डोकं खाली, पाय वर,
आणि तो ओरडला, "धरा, धरा तिला! पडतेय ती!"
तेओफिला रडायला बाहेर गेली.
मी फोटो पर्समध्ये ठेवला, परत काढला नाही.

दाढीही अर्धीच करतो. आरशात बघून समाधानाने उठतो.
उरलेली मी करते.
डोळे मिटून म्हणतो, "तुमचे हात गार आहेत, बाई.
इतका वेळ इथे असता, तुमचे यजमान रागवत नाहीत?"
"नाही," मी म्हणते, "फार समजूतदार आहेत."
खोटं.
मासा करपला की दार आपटायचा तो.
माझ्या बहिणीशी चार वर्षं बोलला नाही, एका सायकलीवरून.
आणि या सभ्य, आभार मानणाऱ्या माणसापाशी
कधीकधी मला बरं वाटतं,
हे मी बसथांब्यावर स्वतःलाही हळूच सांगते.

सप्टेंबरात घरी आणलं.
टेबलाच्या, दारांच्या, बेसिनच्या डाव्या कडेला
लाल चिकटपट्टी लावली.
"लाल दिसेपर्यंत शोधायचं," कालिनाने शिकवलंय.
पलंगावरची जागाही बदलली मी, आता उजवीकडे झोपते.
झोप येत नाही. गादीला तिकडे माझाच खळगा आहे,
त्यात तो त्याची उशी ठेवतो, नकळत.

विम्याचे लोक येतात, विचारतात, प्रगती किती टक्के?
मी सांगते, काल बाही घातली. एक.

काल जवाचं सूप केलं होतं.
अर्धं पिऊन थांबला.
मी ताटलीकडे हात नेला, मग का कोण जाणे, मागे घेतला.
त्याचं बोट टेबलावरून निघालं, घुटमळलं,
चमच्याला अडखळलं, पुढे सरकलं,
पट्टीला लागलं.
मान वळली, जड दार वळावं तशी.
त्याने उरलेलं सूप पाहिलं, चाखलं, तोंड वाकडं केलं.
"मीठ विसरलीस."

मग लगेच खिडकीकडे बघून, "बाई, वारा येतोय, लावून घ्या."

मीठ मी विसरले नव्हते.
तरी गेले, बरणी आणली,
आणि उभी राहिले
त्याच्या डावीकडे.